मणी त्यांचे, दोरा आपला

मोहेंजोदडोच्या नकाशात एका वस्तीचं नाव 'डीके' आहे. दुसरीचं 'एचआर', तिसरीचं 'व्हीएस'. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे नांदणाऱ्या माणसांनी आपल्या आळ्यांना आणि पेठांना काहीतरी नावं दिलीच असणार. पण त्यांची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे ती नावं मातीतच राहिली. मग खणणाऱ्यांनी आपापल्या आडनावांची अक्षरं तिथे लावून टाकली. एचआर म्हणजे हार्ग्रीव्ह्ज, व्हीएस म्हणजे वत्स आणि डीके म्हणजे दीक्षित. हे काशीनाथ नारायण दीक्षित 1889 साली पंढरपुरात जन्मले. जगातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एकाची अख्खी पेठ आजही या पंढरपूरकराच्या आडनावाने ओळखली जाते, आणि ती पाकिस्तानात आहे.

ही अक्षरं नकाशापुरती राहिली नाहीत. खणताना जे जे निघे, त्याला त्या भागाची अक्षरं आणि पुढे क्रमांक मिळे. मोहेंजोदडोच्या दोन सर्वांत प्रसिद्ध वस्तू नोंदवहीत अशाच उतरल्या आहेत. शाळेच्या पुस्तकात आपण जिला 'नर्तिका' म्हणून पाहतो, ती ब्राँझची मुलगी म्हणजे एचआर 5721. ज्याला 'पुरोहित-राजा' म्हणतात, तो दाढीवाला गंभीर पुरुष म्हणजे डीके 1909. दोघं एकाच गावचे. आज मुलगी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभी आहे आणि पुरुष कराचीच्या. त्याच गावातला एक हार तर निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे आहे.

हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर आधी पुण्यात यावं लागतं.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. 1936 साली तो वेगळा प्रांत झाला. तोपर्यंत लारकाना जिल्ह्यातल्या एखाद्या टेकाडावर कुदळ मारायची की नाही, हे पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाने ठरवायचं असे, आणि त्या मंडळाची कचेरी पुण्यात होती. कार्ले-भाजे, विजापूर, सिंधमधले स्तूप हे सगळं एकाच कचेरीच्या अखत्यारीत. 1919 साली शनिवारवाडा संरक्षित स्मारक झाला आणि पुढची काही वर्षं त्याच्या जोत्यांवरचा भराव काढण्याचं काम चाललं. पेशव्यांच्या कारंज्यांवरची माती दूर होत होती, त्याच सुमारास त्याच मंडळाच्या हद्दीत, सिंधू नदीच्या काठी, पेशवाईहून चार हजार वर्षं जुनं शहर वर येण्याची वाट पाहत होतं.

ते वर येण्याची पहिली संधी एका थोर मराठी विद्वानाच्या हातून निसटली. देवदत्त रामकृष्ण भांडारकर म्हणजे सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव. शिलालेख, नाणी, प्राचीन वंशावळी यांत त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. पुढे त्यांनी बेसनगरला हेलिओडोरसच्या गरुडस्तंभाभोवती उत्खनन केलं आणि कलकत्ता विद्यापीठात मानाचं प्राध्यापकपद भूषवलं. 1911-12 च्या हंगामात ते मोहेंजोदडोला गेले. सिंधी लोक त्या जागेला मेलेल्यांचा ढिगारा म्हणतात. वर एक पडका बौद्ध स्तूप, भोवती विटांचा खच आणि मिठाने फुललेली जमीन. भांडारकरांनी विटा पाहिल्या आणि अहवालात लिहिलं, की हे अवशेष फार तर 200 वर्षांपूर्वीच्या गावाचे आहेत. विटा आधुनिक धाटणीच्या आहेत, कोरीव मृण्मय काम कुठे दिसत नाही, खणण्याजोगं इथे काही नाही.

आज हे वाचून हसू येतं, पण चूक नीट पाहिली तर ती समजण्यासारखी आहे. मोहेंजोदडोची वीट हातात घेतली तर ती खरोखरच नवी वाटते. भट्टीत नीट भाजलेली, कडा सरळ, उंची-रुंदी-लांबी यांचं प्रमाण 1:2:4. म्हणजे आडवी-उभी कशीही लावा, सांधा जुळतोच. असली वीट पाहून जाणकाराच्या डोळ्यांपुढे सरकारी बांधकाम खातं उभं राहतं, इसवी सनापूर्वीचं तिसरं सहस्रक उभं राहत नाही. पंजाबात हडप्प्याला याच घडणीच्या विटा लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी गाड्या भरभरून उचलल्या गेल्या, त्याही याच कारणाने. कंत्राटदाराला त्या चांगल्या वाटल्या आणि विद्वानाला त्या नव्या वाटल्या. दोघांनाही त्या जुन्या वाटल्या नाहीत. त्या काळी भारताचा इतिहास बुद्ध आणि शिकंदर यांच्या फार मागे जातच नव्हता. ज्या काळाचं अस्तित्वच कोणाला ठाऊक नाही, त्या काळाची वीट ओळखणार कशी?

भांडारकरांनंतर पुण्याच्या खुर्चीवर राखालदास बॅनर्जी आले. माणूस कामाचा झपाटा असलेला, फावल्या वेळात बंगालीत ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारा. 1922 च्या डिसेंबरात त्यांनी मोहेंजोदडोत खणायला सुरुवात केली. वरच्या थरांत स्तूपाचा काळ सांगणारी कुशाण नाणी मिळाली. त्यात नवल नव्हतं. पण खाली आणखी भिंती होत्या, आणि त्या भिंतींच्या आसऱ्याने मऊ दगडाच्या चौकोनी मुद्रा निघाल्या. मुद्रेवर एकशिंगी प्राणी आणि डोक्यावर न कळणारी अक्षरं. असल्या मुद्रा याआधी खात्याचा पहिला प्रमुख कनिंगहॅम याने हडप्प्याहून छापल्या होत्या आणि त्या कुठल्या म्हणून सगळे गप्प बसले होते. आता त्याच मुद्रा शेकडो मैल दूर सिंधमध्ये निघत होत्या. हडप्प्याला दयाराम साहनींनी 1921 मध्ये खणती सुरू केलीच होती. 1924 मध्ये खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी दोन्हीकडच्या वस्तू सिमल्याला मागवून शेजारीशेजारी मांडल्या आणि कोडं सुटलं. दोन गावं, एक संस्कृती.

20 सप्टेंबर 1924 च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये मार्शल यांनी ही बातमी छायाचित्रांसह जगाला सांगितली. या वस्तू किती जुन्या, ते मात्र त्यांनाही नेमकं माहीत नव्हतं. उत्तर दोन आठवड्यांच्या आत त्याच साप्ताहिकाच्या वाचकांकडून आलं. मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी पत्रं लिहून कळवलं, की असल्याच वस्तू सुमेर आणि इलामच्या प्राचीन थरांत निघाल्या आहेत. भारताचा इतिहास एका पंधरवड्यात 2000 वर्षांनी मागे सरकला.

1924-25 च्या हंगामात मोहेंजोदडोची जबाबदारी दीक्षितांकडे आली. पुढच्या वर्षी मार्शल स्वतः उतरले. हजाराहून अधिक मजूर, टोपल्यांच्या रांगा, माती वाहणाऱ्या ढकलगाड्या, सरळ रेषेत उलगडत जाणारे रस्ते, घराघरांतली न्हाणीघरं आणि विटांनी बांधलेली झाकलेली गटारं. ज्या हातांची पहिली कुदळ पडे, त्यांची नावं नोंदवहीत नाहीत. ही मुद्रा अमक्या मजुराला सापडली, असं लिहिण्याची पद्धत नव्हती. त्या वेळचे अहवाल वाचताना दीक्षित, वत्स, मॅके, साहनी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. पण मातीत काहीतरी खडखडलं म्हणून ज्याने हात आवरला आणि साहेबाला हाक मारली, तो माणूस कुठेच येत नाही.

दीक्षितांच्या भागात दागिन्यांचे ठेवे निघाले. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत हंडा सापडावा, तसे घराच्या जमिनीखाली भांड्यात घालून पुरलेले. कोणीतरी घाईघाईने ठेवले आणि मग न्यायला परत आलंच नाही. त्यांतल्या चांदीच्या एका भांड्याला कापडाचा तुकडा चिकटलेला होता. सुती कापड चार-साडेचार हजार वर्षं मातीत टिकतच नाही. इथे ते टिकलं, कारण धातूवर चढलेल्या क्षारांमुळे त्याला कुजवणारे जीव जवळ आले नाहीत. दीक्षितांच्या नजरेने तो तुकडा हेरला आणि खात्याच्या रसायनशाळेत तपासणी झाली. पुढे त्याचे धागे मुंबईत माटुंग्याला आले. कापूस समितीची नवीकोरी प्रयोगशाळा तिथे 1924 मध्ये उभी राहिली होती. तिचं रोजचं काम वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचा धागा किती ताण सोसतो, ते मोजण्याचं. तिथल्या टर्नर आणि गुलाटी यांनी मोहेंजोदडोचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि 1928 मध्ये निर्वाळा दिला, की हा खराखुरा कापूस आहे आणि आपल्याकडच्या जाड्याभरड्या देशी जातींच्या जवळचा आहे. कापड मंजिष्ठेच्या मुळीने लाल रंगवलेलं होतं. माटुंग्याच्या मेजावर त्या दिवसांत जगातलं अतिप्राचीन सुती कापड पडलं होतं.

आता तो हार पाहू. मोहेंजोदडोच्या दागिन्यांत निघालेला हा ऐवज असा आहे: फिक्या हिरव्या दगडाचे पिंपाच्या आकाराचे मणी, दोन मण्यांच्या मध्ये सोन्याच्या चपट्या चकत्या आणि समोर लोंबणारे अकीक व जास्पर दगडाचे लोलक. लोलक सोन्याच्या तारेने अडकवलेले आहेत. त्याच्या जोडीला लाल अकीकाच्या लांबट मण्यांची अनेक पदरी मेखला आहे. हे लांब मणी म्हणजे त्या संस्कृतीच्या कारागिरीचा कळस. अकीक गुजरातेतून येई. दगड आधी भट्टीत तापवायचा, म्हणजे त्याचा लाल रंग खुलतो. मग तो टवके उडवत घडवायचा, घासायचा आणि शेवटी दोन्ही टोकांनी, थेंब थेंब पाणी सोडत, त्याहून कठीण दगडाच्या बारीक सळईने भोक पाडत मधोमध गाठ घालायची. लांब मण्यात असं आरपार भोक पाडायला कित्येक दिवस लागतात. सळई जरा कलली की मणी तडकतो आणि आधीचे दिवस पाण्यात.

एक गोष्ट मात्र हार पाहताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मणी दगडाचे आणि सोन्याचे, म्हणून ते टिकले. त्यांना धरून ठेवणारा मूळ दोरा केव्हाच माती होऊन गेला होता. भांड्यातून निघाला तो मण्यांचा ढीग. कोणता मणी कोणाशेजारी, लोलक किती अंतरावर, हे तिथे पडलेल्या क्रमावरून आणि थोडं तर्काने ठरवून पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी नव्या दोऱ्यात ओवलं. म्हणजे आपण 'मोहेंजोदडोचा हार' म्हणून जो पाहतो, त्याचे मणी त्या काळचे आहेत आणि दोरा विसाव्या शतकातला आहे.

नर्तिका आणि पुरोहित-राजा या नावांचंही असंच आहे.

मुलगी सापडली 1926 साली, एचआर भागातल्या एका लहानशा घरात. फोटो पाहून पाहून आपल्या मनात ती मोठी झालेली असते. दिल्लीला काचेसमोर उभं राहिलं की पहिला धक्का तिच्या आकाराचा बसतो. उंची अवघी 10.5 सेंटिमीटर. वीतभरही नाही. उजवा हात कमरेवर, डावा गुडघ्यापाशी सैल, मान किंचित मागे. डाव्या हातात मनगटापासून थेट खांद्यापर्यंत बांगड्या, पंचवीसच्या घरात. उजव्या हातात चारच. गळ्यात तीन लोलकांची माळ, केसांचा जड अंबाडा मानेवर कलता. पावलं तुटलेली आहेत. घडवण्याची रीत अशी, की आधी मेणाची बाहुली करायची, तिच्यावर चिखलाचा लेप द्यायचा, तापवून मेण वाहू द्यायचं आणि मोकळ्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. निवल्यावर साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती, दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात. त्या बांगड्या, तो अंबाडा, ओठांचा तो किंचित उद्धट फुगवटा कोणीतरी एकदाच मेणात बोटांनी केला आणि त्याचं ब्राँझ झालं.

ती नाचते आहे, असं तिच्यात काहीही म्हणत नाही. ती उभी आहे. कमरेवर हात ठेवून विहिरीपाशी किंवा दारात कोणीही बाई उभी राहते, तशी. मार्शलना तिच्या उभं राहण्यात नाचणारीचा ठेका दिसला, त्यांनी तसं लिहिलं आणि तेव्हापासून ती नर्तिका झाली. त्या काळच्या साहेबाच्या डोळ्यांना अंगभर बांगड्या घातलेली, निर्वस्त्र आणि न लाजणारी हिंदी मुलगी दुसरं काय दिसणार होती? मे 2023 मध्ये दिल्लीत संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरला, तेव्हा तिच्यावरून केलेल्या पाच फुटी बाहुलीला गुलाबी कपडे चढवले गेले आणि त्यावरून बराच वाद झाला. एका पिढीने तिला नाचायला लावलं, दुसरीने तिला कपडे नेसवले. खुद्द मुलगी दोन्ही वेळा तशीच उभी होती.

पुरुषाची गत वेगळी नाही. 1925-26 च्या हंगामात दीक्षितांच्या डीके भागात तो निघाला. मऊ शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेला, 17.5 सेंटिमीटर उंचीचा, छातीखाली तुटलेला. डाव्या खांद्यावरून घेतलेली शाल, उजवा खांदा उघडा. शालीवर तिपानी नक्षी, तिच्या खाचांत एके काळी लाल रंग भरलेला होता. कपाळावर पट्टा आणि त्याच्या मधोमध गोल पदक. दाढी नीट कातरलेली, वरचा ओठ मात्र साफ. डोळे अर्धे मिटलेले. मेसोपोटेमियात राजे हेच पुरोहित असत आणि शालीच्या नक्षीचे धागेदोरे तिकडच्या पवित्र चिन्हांशी जुळत होते, म्हणून हाही पुरोहित-राजा ठरला. वास्तविक मोहेंजोदडोत खात्रीने देऊळ म्हणावं अशी इमारत निघाली नाही, राजवाडा निघाला नाही, सिंहासन निघालं नाही. देवळाविना पुरोहित आणि राजवाड्याविना राजा असा हा माणूस. तो बडा व्यापारी असेल, गावचा महाजन असेल, कोणाचा तरी मान्यवर पूर्वज असेल. पण नाव एकदा चिकटलं की पुसत नाही.

हे सगळे ऐवज तयार झाले, नोंदले गेले, ओवले गेले, नावं लागली. मग 1947 उजाडलं.

दीक्षित 1937 मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले होते आणि 1944 मध्ये त्यांच्या जागी मॉर्टिमर व्हीलर आले. दिल्लीत एक मोठं केंद्रीय संग्रहालय असावं, हा विचार तेव्हा जोरात होता. फाळणी झाली त्या घडीला मोहेंजोदडोच्या सुमारे 12,000 वस्तू दिल्लीत होत्या. गाव तिकडे गेलं आणि घरातलं सामान इकडे राहिलं.

सरकारी मालमत्तेची वाटणी चालू होती. कचेऱ्यांतल्या टेबल-खुर्च्या, टंकलेखन यंत्रं, पोलिसांच्या पेट्या, सगळ्याला गुणोत्तर ठरत होतं. संग्रहालयांसाठी तत्त्व ठरलं ते जमिनीचं. संग्रहालय ज्या देशात, वस्तू त्या देशाच्या. त्यात एक पुरवणी होती: 1 जानेवारी 1947 नंतर केवळ प्रदर्शनासाठी हलवलेल्या वस्तू मूळ जागी परत जाव्यात. मोहेंजोदडोच्या वस्तू त्याआधीच दिल्लीला आल्या होत्या. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर त्या भारताच्या. पण पाकिस्तानच्या दृष्टीने पाहिलं तर ज्या मातीतून त्या निघाल्या, ती माती त्यांच्याकडे आणि गावच्या संग्रहालयाच्या काचपेट्या रिकाम्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नव्हतं. अखेर भावाभावांच्या वाटणीत निघतो तोच तोडगा निघाला. निम्मं निम्मं.

मुद्रा मोजून वाटता येतात. मडकी वाटता येतात. पण एकुलत्या एका हाराचं काय करायचं? आपल्याकडे घर वाटलं जातं तेव्हा देवघरातल्या समईपाशी येऊन सगळे थबकतात. इथे कोणी थबकलं नाही. हार उसवला आणि मणी मोजून अर्धे अर्धे केले. लाल अकीकाच्या मेखलेचंही तेच झालं. एकेका मण्याला भोक पाडायला ज्यांचे दिवसच्या दिवस गेले, त्यांच्या कामाची वाटणी करायला दोरा उसवण्याइतकाच वेळ लागला. न्याय चोख झाला. इतका चोख, की आज दिल्लीतही पुरा हार नाही आणि पाकिस्तानातही नाही.

पंजाबात लाहोरच्या संग्रहालयाची वाटणी 60 आणि 40 अशी झाली. गांधार शैलीच्या बुद्धमूर्तींचा आणि लघुचित्रांचा 40 टक्के हिस्सा भारताकडे आला. हक्काची जागा नव्हती म्हणून तो ठेवा वर्षानुवर्षं एका गावाहून दुसऱ्या गावी फिरला आणि 1968 मध्ये चंडीगडच्या नव्या संग्रहालयात विसावला. निर्वासितांच्या छावण्यांतून माणसं जशी हळूहळू घरांत गेली, तशाच या मूर्तीही.

दोन्ही देशांची राष्ट्रीय संग्रहालयं याच काळातली अपत्यं आहेत. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनला रॉयल अकॅडमीत भारत आणि पाकिस्तान यांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिकडून परत आलेल्या वस्तू दिल्लीत आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या. जमलेला ठेवा पाहून तो आता पुन्हा विखरू नये असं ठरलं आणि 15 ऑगस्ट 1949 रोजी तिथल्याच दालनांत राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. आजच्या इमारतीत ते 1960 मध्ये आलं. दिल्लीचं संग्रहालय सुरू झाल्यावर आठच महिन्यांनी, एप्रिल 1950 मध्ये, कराचीच्या फ्रेअर हॉलमध्ये पाकिस्तानचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, आणि तिथे सल्लागार होते अविभाजित भारताच्या पुरातत्त्व खात्याचे माजी प्रमुख व्हीलरच. पाकिस्तान या देशाला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. पण त्याच वर्षी व्हीलर यांचं पुस्तक आलं, त्याचं नाव 'पाकिस्तानची पाच हजार वर्षं' अशा अर्थाचं होतं.

मुलगी आणि पुरुष यांच्या ताटातुटीची एक गोष्ट दोन्हीकडे चवीने सांगितली जाते. 1972 च्या सिमला कराराच्या वेळी झुल्फिकार अली भुट्टोंनी दोन्ही मूर्ती मागितल्या. इंदिरा गांधी म्हणाल्या, एक घ्या. भुट्टोंनी पुरुष घेतला. गोष्ट अगदी नाटकातल्या प्रवेशासारखी आहे आणि ती लोकांच्या तोंडी बसली, याला कारणही तसंच आहे. भुट्टो लारकान्याचे. मोहेंजोदडो त्यांच्या घरच्या जिल्ह्यातलं. त्यांचे वडील सर शाहनवाज मुंबई इलाख्याच्या राजकारणात वावरलेले आणि झुल्फिकार स्वतः मुंबईच्या शाळेत शिकलेले. ज्या पुण्याच्या कचेरीने मोहेंजोदडो खणलं, ज्या इलाख्यात ते होतं, त्याच इलाख्यात हे कुटुंब वाढलं. या गोष्टीत दोन देशांचे पुढारी नसून एकाच वाड्यातून वेगळे निघालेले दोन नातलग वाटतात, म्हणून ती रंगते. 2016 मध्ये मुलगी परत मिळावी म्हणून लाहोर उच्च न्यायालयात अर्जही झाला. आणि गंमत अशी, की पाकिस्तानकडे आपली एक ब्राँझची मुलगी आहेच. 1930-31 मध्ये मॅकेंना डीके भागात दुसरी सापडली होती. कमरेवर हात तसाच, फक्त झीज जास्त. ती कराचीत आहे. प्रसिद्धी मात्र पहिलीच्या वाट्याला आली.

वाटणीत हिस्सा कमी आला की माणूस नवं शेत शोधतो. हडप्पा, मोहेंजोदडो, तक्षशिला ही मोठी नावं सीमेपार गेली आणि भारतीय पुरातत्त्वज्ञ बिकानेरच्या वाळूत, सौराष्ट्रात, हरियाणात नवी टेकाडं धुंडाळू लागले. कालीबंगन, लोथल, राखीगढी, धोलावीरा ही नावं त्या शोधातून पुढे आली. धागा महाराष्ट्रापर्यंतही पोचला. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबादची पांढरी आहे. 1974 मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ओतीव शिल्पं सापडली: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन 60 किलोंहून अधिक. मोहेंजोदडोची मुलगी तळहातावर मावते, ही खेळणी उचलायला माणसं लागतात. ती उत्तर हडप्पा काळातली की बरीच नंतरची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यांच्या अंगावर काळ लिहिलेला नाही. तो आपण लिहितो, खोडतो आणि पुन्हा लिहितो.

भांडारकरांनी 200 वर्षं लिहिली, मार्शलनी हजारो. कोणी नर्तिका लिहिलं, कोणी पुरोहित, कोणी भारत, कोणी पाकिस्तान. संग्रहालयाच्या पाटीवरचं बहुतेक सगळं असंच मागाहून आलेलं असतं. वस्तूकडे बघताना पाटी आधी वाचायची सवय आपल्याला लागलेली असते, म्हणून ते लक्षात येत नाही. मोहेंजोदडोच्या हारावर फाळणीची कात्री चालली तेव्हा तुटला तो दोरा मोहेंजोदडोचा नव्हता. तो पुरातत्त्व खात्यातल्या कोणीतरी, मण्यांचा ढीग समोर घेऊन, बहुधा दिव्याच्या उजेडात मान मोडेपर्यंत ओवलेला होता. तो आपलाच होता आणि आपणच तो तोडला.

मण्यांना मात्र सगळं सारखंच. नोंदवह्यांनी जुनी अक्षरंही टाकली नाहीत. दिल्लीतल्या मुलीच्या नावापुढे एचआर आहे, हार्ग्रीव्ह्ज साहेबाची आठवण. आणि कराचीत, बर्न्स गार्डनच्या इमारतीत, पाकिस्तानचा सर्वांत प्रसिद्ध पुतळा डोळे अर्धे मिटून बसला आहे. त्याचा मूळ क्रमांक अजून डीके 1909 हाच आहे. पंढरपूरच्या दीक्षितांचा.